नारळांनी मोजलेला बुरूज

राजा अरिमर्दनाने हुकूम सोडला, "नव्या बुरुजावरची माणसं किती सुरक्षित आहेत ते तराजूत मोजून दाखवा. आणि कोणी पडायच्या आधी दाखवा!"

कारण साधं होतं. दसऱ्याला राजा स्वतः बांबूंच्या परांचीवरून बुरुजाच्या माथ्यावर निशाण लावायला चढणार होता, आणि आईसाहेबांनी विचारलं होतं, "धड आहे ना रे सगळं?" याचं उत्तर राजाकडे नव्हतं, त्यामुळे तो चिडला होता.

कारभारी नारोपंतांनी तराजू आणवला आणि पारड्यात परांचीचा बांबू ठेवला.

"हे बांबूचं वजन झालं," राजा म्हणाला.

"महाराज, वर्षभरात एकाही मजुराची तक्रार नाही. याहून मोठं माप कोणतं?"

तेव्हा चुना मळायच्या घाणीवरची सगुणा पुढे आली. तिचा नवरा धोंडू अगदी वरच्या फळीवर दगड बसवायचा. तो खाली उतरेपर्यंत ती रोज मान वर करून उभी असे. आता तिची मान जेवतानाही तशीच राहायला लागली होती.

"मी मोजते, महाराज. देवळाच्या कोठीतले गाडीभर नारळ तेवढे द्या."

"मोजता आलं नाही तर तुला आणि तुझ्या नवऱ्याला, दोघांनाही कामावरून काढीन. पण नारळ कशाला?"

"ते पंतांना इचारा."

पंतांनी सांगितलं. बांधकामावर पडण्याची भाषा अशुभ. दोर कुजलाय, फळी हलतेय, असं जो बोलेल त्याने पदरचा नारळ फोडायचा, अशी शिस्त त्यांनीच घालून दिली होती. "आणि वर्षभरात एकही नारळ फुटला नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"आता उलटं करा," सगुणा म्हणाली. "जो बोलंल त्यालाच नारळ द्या. सांजंपातुर नारळ पारड्यात ऱ्हातील, मग ज्याचा त्यानं घरी न्यावा."

एका पारड्यात मोठा दगड ठेवून राजा तराजूपाशी बसला. पंत त्याच्या शेजारी उभे राहिले. बराच वेळ कोणी फिरकलं नाही. मजूर नारळांकडे बघत, मग पंतांकडे बघत आणि गुमान कामाला लागत.

शेवटी सगुणाच म्हणाली, "माज्या धन्याच्या पायाखालची फळी एका अंगाला मोकळी हाय." राजाने पारड्यात नारळ ठेवला. तिला कोणी काही केलं नाही, हे सगळ्यांनी नीट पाहून घेतलं. मग एक गवंडी आला. मग एक सुतार आला. मग रांग लागली. दिवस मावळायच्या आत पारडं जमिनीला टेकलं.

राजाचा चेहरा उतरला. पंत हळूच म्हणाले, "बघा महाराज. कालपर्यंत सगळं सुरक्षित होतं. या बाईने एका दिवसात बिघडवलं."

"फळी कालबी मोकळीच हुती, पंत," सगुणा म्हणाली. "काल ते आमालाच ठावं हुतं. आज महाराजांनाबी ठावं झालं."

राजाने त्याच रात्री दोर बदलायला लावले आणि नारळांची रीत चालू ठेवली. रोज थोडे नारळ जातच राहिले. धोंडूने मात्र एकही घेतला नाही. वर्षभर गप्प राहिलेल्या माणसाला तोंड उघडायला वेळ लागतो.

दसरा उजाडला. राजा निशाण घेऊन परांचीच्या शिडीपाशी आला. पंत हात जोडून म्हणाले, "महाराज, आज सकाळपासून एकही नारळ गेला नाही. आता पूर्ण सुरक्षित. खुशाल चढा."

राजाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सगुणाकडे पाहिलं. "काय गं? चढू ना?"

"पंत सकाळधरनं कुठं हुते, महाराज?"

"मी? नारळांपाशीच," पंत म्हणाले. "कोणी उगाच उचलू नये म्हणून."

"मग आज माप घेतलंच न्हाई," सगुणा म्हणाली. "पंतांना जरा लांब न्या आणि मग घ्या. आणि ज्या दिशी पंत लांब असूनबी कुणी काई बोलणार न्हाई, त्या दिशी समदे पुन्हा भ्याले असं समजा, पायच ठेवू नका."

पंतांना चुन्याच्या घाणीपलीकडे नेऊन उभं केलं. मग अगदी वरून धोंडूचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"महाराज, थांबा! तिसरी पायरी नुसत्या सुतळीवर हाय!"

राजाने पाय खाली घेतला. तिसरी पायरी हाताने हलवली, ती हातातच आली. तो पायरीकडे बघत राहिला आणि मग इतका हसला, की निशाण हातातून गळालं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने सगुणाला दिलं.

"पंत," तो हसता हसता ओरडला, "धोंडूला नारळ द्या! आणि तुमच्या हाताने वर नेऊन द्या!"