चितेवरची सोबत

अमोघराज वारले आणि चिता रचली गेली, पण सगळ्यांचे डोळे होते कुवलयेवर. ती राजाची लग्नाची नव्हे, मनाची बाई. वीणा तर अशी वाजवायची की दरबार गप्प व्हायचा, आणि शेवटी शेवटी राज्यही तीच चालवत होती. दिवाण शंभूपंतांना हे कधीच पचलं नाही.

अग्नी देणार एवढ्यात दिवाण थरथरू लागले. डोळे पांढरे झाले, आणि त्यांच्या तोंडून थेट महाराजांचा घोगरा आवाज आला, "कुवलये, मला एकट्याला थंडी वाजते. तूही चितेवर ये."

वारा पडला.

कुवलया दिवाणांच्या पाया पडली. "येते ना, महाराज. पण त्या लाकडांवर नुसता देह आहे. तुम्ही तर इथे, दिवाणजींच्या अंगात आहात." तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "चला, दोघं मिळून चढू."

"सोडा, बाईसाहेब!" दिवाण स्वतःच्या आवाजात किंचाळले. तिला बाईसाहेब ते पहिल्यांदाच म्हणत होते. "माझ्या अंगात कुणी नाही!"

"ऐकलंत सगळ्यांनी?" म्हणत तिने मनगट सोडलं.

तेवढ्यात महाराजांचं घोगरं हसू ऐकू आलं. सगळ्यांनी दिवाणांकडे पाहिलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.