शेळीनं गिळलेलं पान

जनावरांचेही दवाखाने होते, तेव्हाची ही गोष्ट. चांदी शेळीच्या करडाच्या उजव्या खुरात बाभळीचा काटा मोडला. ती त्याला वानरवैद्याकडे घेऊन गेली. वैद्यानं आधी पळसाच्या पानावर तिच्या खुराचा ठसा घेतला. मग जांभळं खात, मान वर न करता, करडाच्या डाव्या पायाला पाला बांधला.

"अहो वैद्यबुवा, काटा उजव्या पायात आहे!"

"बयो, वैद्य तू की मी?"

महिन्याभरात उजवा पाय सडून गळाला. चांदीच्या अंगाची आग आग झाली. ती करडाला घेऊन तडक हत्तीच्या न्यायसभेत गेली. वानरानं ऐटीत पान पुढं केलं. "हा हिचा ठसा. काही बरंवाईट झालं तर वैद्य जबाबदार नाही."

"मेल्या, ठसा दिला तो लेकराला हात लावायला, डोळे मिटायला नव्हे!" म्हणत चांदीनं पान हिसकावलं आणि सगळ्यांदेखत चावून गिळलं.

"पुरावा खाल्ला हिनं!" वानर किंचाळला.

"पान गेलं. आता पायाचं बोल," चांदी म्हणाली.

तीन पायांवरचं करडू लंगडत पुढं आलं. वानर दुसरीकडेच बघत होता. हत्तीनं सोंडेनं त्याची मान धरून वळवली.

"आता नीट बघ," हत्ती म्हणाला, "आणि सांग, कोणता पाय होता?"