राजांचा हात आणि आवडाक्काचे खेकडे

"आमचा हात थांबला, की सगळ्यांचे हात थांबले पाहिजेत!"

भानुजीराजांनी पंगतीचा हा नियम काढला आणि त्यांच्या तिघा जिवलग मित्रांचे हाल सुरू झाले. राजांचा आहार चिमणीएवढा. चार घास खाल्ले की तृप्त! मग दाजीरावांचा घास ओठांशी असो नाहीतर खंडेरावांचा हात भातात, सगळ्यांनी उठायचं. बाजीबा तर लाडवाकडे वळून वळून बघत उठायचे.

शेवटी तिघांनी वाट काढली. वाड्यावरून उठायचं, ते थेट बंदरावर आवडाक्काच्या खानावळीत! तिथे केळीच्या पानावर वाफाळता भात, झणझणीत कालवण आणि वर आवडाक्काचा दम, "लाजताय काय? पोट घरी ठेवून आलात?"

आणि एके दिवशी खुद्द राजेच खानावळीच्या दारात उभे! बाजीबांच्या तोंडात अख्खा बोंबील होता. त्यांनी तसाच मुजरा केला.

"आमच्या पंगतीत उपाशी राहता की काय?" राजे गरजले.

"छे छे, सरकार!" दाजीराव म्हणाले, आणि त्यांना भलीमोठी ढेकर आली.

राजे आवडाक्काकडे वळले. "बाई, उद्या आम्ही चौघे इथेच जेवणार. नियम आमचाच! आणि तरीही हे तिघे पोटभर जेवून उठले पाहिजेत. नाहीतर खानावळीला टाळं!"

आवडाक्का बोटांवर पदार्थ मोजू लागली. गोड केलं तरी राजे खाणार चार घास, तिखट केलं तरी चारच! विचार करत ती बाजारात गेली, तर कोळणीच्या टोपलीतला एक खेकडा तिच्या पदराला लोंबकळला. ओढला, झटकला, पण सोडेना!

"मेल्या, राजापेक्षा हट्टी आहेस!" ती ओरडली. मग खुदकन हसली आणि अख्खी टोपलीच घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. मित्रांच्या पानांवर भाताचे डोंगर, शेजारी सोलकढीच्या वाट्या. राजांच्या पानावर फक्त लालभडक, रश्शात बुडालेले खेकडे.

"हे फोडून द्यायला माणूस कुठाय?" राजांनी विचारलं.

"दुसऱ्यानं फोडलेल्याची चव निम्मी होते, सरकार. पण नांगीतलं मांस अख्खं काढणं भल्याभल्यांना जमत नाही. राहू द्या, पिठलं टाकते!"

"जमत नाही? आम्हाला?"

राजांनी बाह्या सरसावल्या. कडाक्! रस्सा उडून मिशीवर. पुन्हा कडाक्! नांगीचा तुकडा खंडेरावांच्या पागोट्यात. मांस निघालं, पण अर्धंच! राजांनी दात ओठ खाऊन दुसरी नांगी उचलली. इकडे तिघांचे हात झपाझप चालले होते. भाताचा पहिला डोंगर गेला, दुसरा गेला. खंडेरावांनी कंबरपट्टा सैल केला. बाजीबांनी पान चाटून लखलखीत केलं आणि तिघेही हात पोटावर ठेवून मागे रेलले.

"जमलं!" राजे ओरडले. "अख्खं निघालं!" त्यांनी मान वर केली आणि चमकले. "अरे, तुम्ही थांबलात? आमच्या आधी? नियम मोडलात!"

"मोडला कुठे, सरकार?" आवडाक्का म्हणाली. "तुमचा हात थांबला की त्यांनी थांबायचं, एवढंच ठरलं होतं. पोट भरल्यावर थांबायला बंदी कुठाय? आणि तुमचा हात तर अजून चालूच आहे!"

राजांनी हाताकडे पाहिलं. तो पुढच्या नांगीकडे निघाला होता! राजे असे खदखदून हसले की मिशीवरचा रस्सा समोरच्या तिघांवर उडाला.

"बाई, जिंकलीस! हे घे बक्षीस!" म्हणत त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं ओढलं. रश्शानं निसरडं झालेलं ते कडं सुळकन निसटलं, हवेत उडालं आणि दाजीरावांच्या सोलकढीत बुडुक!

दाजीरावांनी वाटीत डोकावून हात जोडले. "सरकार, आता मात्र खरंच जागा नाही हो!"