वाटेकडची खिडकी

लोक घाट पायीच चढत, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. एका घाटमाथ्यावर भिवराबाई नावाची एक बाई वाटसरूंना मुक्कामाला खोल्या देत असे. सगळे तिला अक्का म्हणत. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. घरात तीन खोल्या होत्या. माणसं एखाद-दोन दिवस राहत आणि पुढं जात.

पाहुणा आला की अक्का आधी पाय धुवायला ऊन पाणी देई, हातावर गूळ ठेवी आणि विचारी, “घरी सकाळी डोळे उघडले की पहिलं काय दिसतं तुम्हाला?”

कुणी सांगे तुळस, कुणी सांगे कोनाड्यातली समई. पाहुणा जेवून येईपर्यंत त्याच्या खोलीत अंथरुणासमोर नेमकं तेच मांडलेलं असे. प्यायच्या पाण्याला वाळ्याचा वास हवा की नको, हेसुद्धा ती विसरत नसे.

“अक्का, घरीच असल्यासारखं वाटलं बघा,” असं म्हणून लोक निघत. त्यांची पाठ धुक्यात दिसेनाशी होईस्तोवर ती अंगणात उभी राही. मग रिकाम्या घरात एकटीनं भाकरी खाई.

एक दिवस असाच कुणी निघून गेल्यावर तिनं माती कालवली आणि तिन्ही खोल्यांच्या वाटेकडच्या खिडक्या लिंपून टाकल्या. “वारा फार येतो,” ती स्वतःशीच म्हणाली.

त्यानंतर एक तांबट आला. भांडी विकून घरी चालला होता. सकाळी निघायचं, तर म्हणाला, “आज धुकं आहे. उद्या जातो.” दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. मग एक म्हातारी कासारीण आली, तीही राहिली. त्यामागून एक वैद्यबुवा आले, तेही राहिले. धुकं काही उठेना आणि पाहुण्यांनाही त्याची काळजी वाटेना. अक्काची ओसरी भरली. कुणाला किती भाकऱ्या लागतात ते विचारताना तिला धन्य वाटे.

एके सकाळी अंथरुणं काढताना तिच्या लक्षात आलं, तांबटाच्या चादरीवर एक सुरकुती नव्हती. उशी दबलेलीही नव्हती.

“झोपला नाहीत का, दादा?”

“झोपलो की. छान झोप लागली,” तांबट म्हणाला आणि हसला. त्याच वेळी कासारीण आणि वैद्यबुवाही हसले. तिघांचं हसू हुबेहूब एक होतं.

अक्का मागं सरली. तिनं दाराशी पाहिलं, तर तिघांच्या वहाणांवर शेवाळ धरलं होतं.

“दादा, तुमचं गाव कुठलं हो?” तिनं हळूच विचारलं.

तांबटानं तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं. “गाव? इथलंच की,” तो म्हणाला.

खिडक्या लिंपल्यामुळंच हे झालं, हे तेव्हाच तिला कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण रिकामी ओसरी तिच्या डोळ्यांपुढं आली आणि ती म्हणाली, “अजून एक भाकरी वाढू का?”

आठ दिवसांनी, भर दुपारी, धुक्यातून एक बाई वर आली. तिचे पाय रक्ताळले होते.

“अक्का, आमचे मालक तांबट आहेत. इकडं उतरले होते का हो?”

अक्का काही बोलण्याआधीच तांबट ओसरीवरून उठला. बाईनं त्याला पाहिलं आणि ती रडू लागली. तो मात्र अदबीनं म्हणाला, “या बाई, बसा. इथं खोली फार चांगली मिळते.”

बाईचं रडं थांबलं. ती मटकन खाली बसली. “अक्का, मलाही एक खोली द्या. आता माझ्यानं परत जाववणार नाही.”

सवयीनं अक्काच्या तोंडून निघालं, “घरी सकाळी डोळे उघडले की पहिलं काय दिसतं?”

“यांची पाठ,” बाई म्हणाली. “भात्यापाशी बसलेली.”

ते काही अक्काला अंथरुणासमोर मांडून देता येणार नव्हतं. ती तशीच उठली. परसातली पहार घेतली आणि तांबटाच्या खोलीतल्या खिडकीवर घातली. एक खिडकी, दुसरी, तिसरी. ढेकळं कोसळली आणि धुकं सरकून खालची वाट उघडी पडली.

तांबट खिडकीशी येऊन उभा राहिला. वाटेकडं बघता बघता त्याचा चेहरा थरथरला. मागं वळून तो बायकोला म्हणाला, “अगं, तुझ्या पायांना काय झालं?”

वैद्यबुवांनाही आपलं गाव आठवलं. “माझे रोगी!” असं ओरडत ते वहाणा न घालताच पळत सुटले. तांबट बायकोला पाठीवर घेऊन घाट उतरला. त्यांच्याकडं मान वर करून बघायची अक्काला लाज वाटली.

कासारीण मात्र जागची हलली नाही. अक्कानं तिला वाट दाखवली, गावोगावची नावं घेऊन पाहिली. म्हातारी प्रत्येक नाव ऐके आणि नकारार्थी मान हलवी.

पुढं पुष्कळ वर्षं अक्कानं वाटसरूंना खोल्या दिल्या. निघायच्या सकाळी ती स्वतःच त्यांना उठवी, शिदोरी बांधून देई. आणि प्रत्येक जण अंगणातून बाहेर पडताना, सुरकुती न पडणाऱ्या अंथरुणावरची ती म्हातारी दाराशी येऊन विचारी, “बाळा, तुमच्या गावात कुणाची आई हरवलीय का रे?”

तात्पर्य: पाहुण्याला जिव्हाळा द्यावा, पण आपलं एकटेपण घालवण्यासाठी त्याला त्याच्या माणसांपासून तोडू नये.