पाषाण होत चाललेली राणी

एका राज्यात पाखरे माणसांशी बोलत आणि शाप खरे होत. तिथे मृणालवती नावाची राणी होती. कपटी मांत्रिक कालजिव्हाला तिने हद्दपार केले, तेव्हा तो गरजला, "राणी, तुझे दुःख तुला कधी बोलता येणार नाही. ते आत साचेल, त्याचा पाषाण होईल!"

वर्ष सरले नाही तोच राजपुत्र सुकेतू पुरात बुडाला. राणी ना रडली, ना बोलली. तिसऱ्या दिवशी तिची पावले दगडाची झाली. महिन्याभरात दगड गुडघ्यांवर चढला. राजवैद्यांनी हात टेकले.

मग गवाक्षात एक साळुंकी येऊन बसली. "राणीसाहेब, श्वेतगिरीच्या गुहेत एक पोथी आहे. ती शेवटपर्यंत वाचा. मग स्वतःची लिहा. तिसरे काम पोथीच सांगेल."

भोयांनी मेणा गुहेशी टेकवला. आत एकटीनेच जायचे होते. राणी हातांवर शरीर ओढत आत शिरली.

पोथी उघडताच अक्षरे निखाऱ्यांसारखी उजळली. शंभर वर्षांपूर्वीच्या एका राणीने ती लिहिली होती. 'माझी लेक गेली त्याच दिवशी मला भूक लागली, याची मला लाज वाटते.' मृणालवतीने ती ओळ पुन्हा वाचली. सुकेतू गेला त्या दिवशी तिलाही भूक लागली होती! शंभर वर्षांपल्याडच्या बाईला हे कसे कळले? ती वाचत गेली. शेवटचे पान उलटले आणि गुडघ्यांत कळ आली. कित्येक दिवसांत तिला तिथे काही जाणवले नव्हते.

कोरे भूर्जपत्र आपोआप समोर उलगडले, शेजारी लेखणी होती. ती लिहू लागली. दर ओळीला दगडाची कपची गळून पडे. एका वाक्यापाशी मात्र हात थांबला, आणि दगड सरसर चढत छातीला भिडला. तिने दात आवळून लिहिले, 'त्या सकाळी मी त्याला म्हणाले, माझ्या नजरेसमोरून चालता हो. तो नदीकडे गेला.'

दगड कमरेखाली उतरला. पोथी बोलली, "ज्याला हे सांगायचे तुला भय वाटते, त्यालाच वाचून दाखव."

भूर्जपत्र आणि लेखणी घेऊन राणी परतली. राजा इंद्रसेनासमोर तिने पत्र धरले. जे जिभेला बोलता येत नव्हते, ते तिने वाचले.

"मृणाल," राजा म्हणाला, "पुरात होडी सोडायची परवानगी त्याने माझ्याकडे मागितली होती. मी हो म्हणालो."

राणीच्या डोळ्यांना धारा लागल्या. पायांवरचा दगड चुरा होऊन गालिच्यावर सांडला. ती उठली, अनवाणी चालत गेली आणि राजाच्या हातात लेखणी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सिंहासनावर दोघे बसले होते, डोळे सुजलेले, आणि प्रजेची गाऱ्हाणी ऐकत होते.