राखणदाराच्या देवळातला आवाज

एकदा थायलंडात एक वृद्ध आचार्य होते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ते नोकरीपुरतं इंग्रजी शिकवत. प्लॉय ही त्यांची विद्यार्थिनी. परदेशी रुग्ण येतात अशा इस्पितळात, चौकशीच्या खिडकीवर तिला काम हवं होतं. मुलाखत दुसऱ्याच दिवशी, तीही इंग्रजीतून. हुकली तर गावी परत, असं घरच्यांनी सांगूनच ठेवलेलं.

तिनं सगळी उत्तरं घोकली, मोबाइलमध्ये बोलून भरली आणि मोबाइल आचार्यांकडे दिला. "चूक काढून दाखवाच, आचार्य!"

"दिवेलागणीला ये," ते म्हणाले.

तिकडे इमारतींच्या दारात खांबावर इवलंसं देऊळ असतं, त्या जागेच्या राखणदाराचं. परीक्षा आली की मुलं तिथे हार घालतात, लाल सरबत ठेवतात. प्लॉयनंही कॉलेजच्या दारातल्या देवळात ठेवलं होतं. संध्याकाळी ती आली तर आवारात चिटपाखरू नाही, आणि आचार्य त्या देवळाशी इंग्रजीतून बोलतायत.

"तुम्हाला ही नोकरी का हवी?"

आतून उत्तर आलं. सफाईदार, गोड. प्लॉयच्याच आवाजात.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मी तर इथे उभी आहे, तोंड मिटून! मग हारामागे तिच्याच मोबाइलचा उजेड दिसला. आवाज थांबला की आचार्य पुढचं विचारत, आणि तो पुन्हा बोलू लागे. कुठे म्हणून अडखळणं नाही.

अचानक आचार्यांचा स्वर एखाद्या घाबरलेल्या आईसारखा कातर झाला. "बाई, माझं बाळ तापानं फणफणलंय. कुणाकडे जाऊ?"

आतला आवाज तसाच गोड म्हणाला, "ही संधी दिल्याबद्दल मी आपली आभारी आहे."

प्लॉयला राहवलं नाही. "या!" ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडली. "बाळ... मला द्या. डॉक्टर इथे. मी येते सोबत!"

आचार्यांनी देवळाला हात जोडले आणि मोबाइल काढून तिच्या हातात ठेवला.

"किती घाबरवलंत! वाटलं, राखणदारानं माझा आवाज ठेवून घेतला."

"तो कशाला घेईल, पोरी? तूच ठेवून आली होतीस. नापास होण्याच्या भीतीनं शिकलेली भाषा अशीच बोलते, समोर कोण रडतंय हे तिला दिसत नाही. आत्ता तू चुकलीस खूप. पण त्या बाळाच्या आईला डॉक्टर भेटला असता."

प्लॉयनं मोबाइलमधला तो आवाज पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत ती अडखळली, थांबली, पण समोरच्या बाईंच्या डोळ्यांत बघून बोलली. खिडकी तिला मिळाली.

आपलं लेकरू घडाघडा पाठ म्हणून दाखवतं तेव्हा मधेच विचारून बघावं, बाळा, तहान लागली का? आणि उत्तर कोण देतंय, ते नीट ऐकावं.