तिसरा भोंगा

कोकणात एसटीचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका खाडीत एक आगबोट ये-जा करायची. बंदर सोडण्याआधी ती तीन भोंगे द्यायची. पहिल्या भोंग्याला गाव जेवायला बसे, दुसऱ्याला ताकभात वाढून घेई आणि तिसरा झाला की बोचकी उचलून धक्क्याकडे पळत सुटे.

आगबोटीला याचा भारी राग. एका दुपारी ती धक्क्याला म्हणाली, "आज एकच भोंगा देणार आणि निघणार. या लोकांची खोडच मोडते."

"बये, आत कोण कोण आहे ते तरी बघ," म्हातारा धक्का म्हणाला.

"जन्मात जागचा हलला नाहीस, आणि मला शिकवतोस?"

तिने भोंगा दिला, दोर तोडला आणि ऐटीत निघाली.

पहिल्याच वळणावर सुकाणू फिरेना. ते फिरवणारे धोंडू सारंग खलाशांना घेऊन किनाऱ्यावरच्या खानावळीत बसले होते. आगबोट सरळ जाऊन चिखलात रुतली. त्यात ओहोटी लागली आणि ती एका कुशीवर कलू लागली. तिची पाचावर धारण बसली. उरलीसुरली सगळी वाफ घालून तिने मदतीसाठी भोंगा दिला.

खानावळीत भागीरथीबाईंनी कान टवकारले. "सारंग, दुसरा झाला हो. ताकभात वाढू?"

"वाढा," पाटावर नीट मांडी घालत सारंग म्हणाले. "आणि सावकाश वाढा. तिसरा झाल्याशिवाय ती कुठे जातेय?"